तेल गळतं, तरी लेव्हल उतरत नाही: खाडीकाठच्या जुन्या पॉवर टिलरचं प्रकरण

तेल गळतंय, चाकाच्या हबखाली काळा ओघळ आहे, कुणग्यातल्या (भाताच्या खाचरातल्या) पाण्यावर तवंग येतोय, आणि तरीही गिअरपेटीतल्या तेलाची लेव्हल उतरत नाही. पॉवर टिलरबद्दल कोणी असं सांगितलं तर त्यातला शेवटचा भाग सगळ्यात गंभीर समजावा. बहुतेक लोक त्याचा उलटा अर्थ काढतात. लेव्हल ठीक आहे, म्हणजे गळती किरकोळ असणार, असं त्यांना वाटतं. या प्रकरणातल्या मालकांनाही तसंच वाटलं होतं आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. लेव्हल बघत जा असं त्यांना सांगितलेलं, ते नेमाने बघत होते.

"तेल गळता, पण कमी काय होना नाय. म्हणजे थोडाच गळत आसतला," हे मालकांचं, म्हणजे आबांचं, म्हणणं. "सील घातला की पंधरा दिवस बरा, मगे परत ताच."

गाव मालवण तालुक्यातलं, कालावल खाडीच्या काठचं. आबांची जमीन दोन तऱ्हेची. वर जांभ्याच्या उतारावरचे लहान लहान कुणगे आणि खाली खाडीला लागून खाजण. बांध कुठे खचला की भरतीचं पाणी खाजणात शिरतं. पहिल्या पावसाने मीठ धुपून गेलं की तिथे पनवेल-३ सारखं खारं पाणी सोसणारं भात लावतात. टिलर दोन्हीकडे चालतो. वरच्या कुणग्यात तांबडा खरखरीत चिखल आणि खाली खारा काळा चिखल, असे दोन शत्रू एकाच यंत्राच्या वाट्याला आलेले. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढे शाफ्टवर जे दिसलं त्याची मुळं या दोन मातीत आहेत.

टिलर जपानी धाटणीचा, चाळिशीच्या जवळ पोचलेला. आपल्या देशात पॉवर टिलर आले ते १९६०च्या दशकात जपानहून, आणि कोकणातल्या मेरांनी तुकडे पडलेल्या शेताला ते चपखल बसले. मोठा ट्रॅक्टर ज्या कुणग्यात वळूच शकत नाही, तिथे टिलर दोन हातांवर फिरतो. पुढे आडवं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, तिथून व्ही-बेल्टने मुख्य क्लच, मग बिडाची गिअरपेटी. पेटीच्या दोन्ही बाजूंनी चाकांचे शाफ्ट बाहेर येतात आणि मागे रोटरी. चिखलणीच्या वेळी रबरी टायर काढून लोखंडी जाळीची चाकं लावतात. तेव्हा चाकाच्या शाफ्टचं तोंड चिखलात वीतभर बुडलेलं असतं. तेल आत ठेवायचं आणि पाणी बाहेर, ही दोन्ही कामं त्या जागी एक रबरी ऑइल सील करतं.

या यंत्राचे नवे शाफ्ट आता मिळत नाहीत. भंगारातला मिळाला तरी तो याच्याइतकाच झिजलेला असतो. त्यामुळे "शाफ्टच बदला" हा सल्ला इथे निरुपयोगी होता. आणि खरं सांगायचं तर तो बदलायची गरजही नव्हती.

आधी तेल बघितलं

यंत्र मे महिन्यात, मिरगाच्या आधी बघायला घेतलं. मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, ते बरेच दिवस उभं होतं आणि ही गोष्ट फायद्याची ठरली. उभ्या यंत्रात पाणी तळाला बसतं. खाली भांडं धरून ड्रेन बोल्ट हळूहळू सैल केला, पूर्ण काढला नाही. पहिल्यांदा आलं ते तेल नव्हतंच. गढूळ, तांबूस पाण्याची धार आली. ती संपली तशी दुधाच्या चहासारखं दाट, पिवळट तेल यायला लागलं.

लेव्हल का उतरत नव्हती ते इथेच कळलं. जेवढं तेल बाहेर जात होतं तेवढं पाणी आत येत होतं. लेव्हलचा बोल्ट काढला की त्याच्या काठाशी तेल दिसायचं, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं. पाणी खाली आणि तेल वर तरंगलेलं. आबा बघायचे तो वरचा थर.

ज्यांना शंका आहे पण सगळं तेल काढायचं नाही, त्यांच्यासाठी एक साधी तपासणी आहे. थोडं तेल काढून तापलेल्या तव्यावर एक थेंब टाकायचा. तेलात पाणी असेल तर तडतडतं, नसेल तर नुसतं पसरून धुरकट होतं. डोळे सांभाळून करावं आणि तो तवा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये.

पाणी मिसळलेल्या तेलाने नुसती गळती होत नाही. बेअरिंगच्या गोळ्यांना आणि गिअरच्या दातांना तेलाचा जो पातळ थर वेगळा ठेवतो तो पाण्याने तुटतो. मग गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात, दातांवर गंज चढतो. चाळीस वर्षं टिकलेली पेटी दोन-तीन पावसाळ्यांत आवाज करायला लागते. म्हणून मला ही गळती तेलाच्या खर्चाचा प्रश्न कधीच वाटली नाही. आणि तवंगाचा प्रश्नही लहान नाही. त्याच पाण्यात चढणीचे मासे येतात, कुर्ल्या असतात, तेच पाणी शेजाऱ्याच्या कुणग्यात उतरतं.

गळतं कुठून

हबखाली तेल दिसलं म्हणून हबचंच सील गेलं असं धरून चालत नाही. चालत्या यंत्रावर तेल वाऱ्याने आणि चिखलाने वाट्टेल तिथे जातं, आणि वरून निथळलेलं तेल खालच्या टोकाला थेंब धरतं. आधी पूर्ण पेटी डिझेल आणि ब्रशने धुतली, साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढला, कोरडी केली. मग सगळ्या सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरली. टिलर चिऱ्यांवर चढवला, चाकं अधांतरी ठेवली, साफ दिसणारं स्वस्तातलं तेल भरलं आणि खालच्या गिअरवर चालू ठेवला.

पांढऱ्या पावडरीवर तेलाचा डाग लपत नाही. उजव्या हबच्या आतून पहिला डाग आला आणि पसरत गेला. डावा हब कोरडा. स्टिअरिंग क्लचचा दांडा जिथे पेटीत शिरतो तिथे किंचित ओल. इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे होतं. पण पेटी तापली तशी वरच्या झाकणाच्या पॅकिंगशी, गिअर लिव्हरच्या बुडाशीही ओलसर रेघ उमटली. ही जागा तेलाच्या लेव्हलच्या बरीच वर आहे. तिथे तेल आपोआप चढून उभं राहात नाही. आतून काहीतरी ते ढकलत होतं.

आतून ढकलणारी गोष्ट एकच असू शकते, ती म्हणजे हवा.

गिअरपेटी वरून बंद दिसली तरी तिला एक नाक असतं. वरच्या झाकणावर, लिव्हरच्या मागे, एक बुटका बोल्ट असतो. त्याला मधून बारीक भोक आणि वर टोपी. हाच ब्रीदर. हा बोल्ट काढून तोंडाने फुंकून बघितला तर हवा अजिबात जाईना. टोपी उचकटली तेव्हा आत जांभ्याच्या मातीचा घट्ट गोळा निघाला, थरावर थर. मांगरात उभ्या असलेल्या यंत्राच्या प्रत्येक भोकात कुंभारीण माशी घर करते, हे कोकणात कोणाला सांगायला नको. सायलेन्सरच्या तोंडाला आपण फडकं बांधतो ते त्यासाठीच. ब्रीदरकडे मात्र कोणी बघत नाही.

"ह्यो बोल्ट कित्याक आसा ता माका आजपावत म्हायत नव्हता," आबा म्हणाले. यंत्र विकणाऱ्यापासून सील बदलणाऱ्यापर्यंत कोणीच त्यांना तो दाखवला नव्हता.

आता हे नाक बंद असलं की काय होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. चिखलणीत पेटी तापते, हात फार वेळ टेकवत नाही इतकी. सकाळी ३० अंशाला असलेली आतली हवा ७० अंशाला गेली, तर बंद पेटीत तिचा दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १३ टक्क्यांनी वाढतो. ऑइल सीलची ओठासारखी कड तेलाच्या बाजूला तोंड करून बसलेली असते. आतला दाब वाढला की ती कड शाफ्टवर आणखी आवळते. म्हणजे ती जोराने घासते, लवकर झिजते आणि शाफ्टलाही झिजवते. दाब फारच झाला की जिथे वाट मिळेल तिथून हवा आणि तेल थोडं थोडं निसटतं.

मग दुपारी काम थांबतं. तापलेली पेटी पावसाच्या पाण्यात, चिखलात उभी. ती झपाट्याने थंड होते, आतली उरलेली हवा आक्रसते आणि पेटीत ओढ तयार होते. ७० वरून ३० अंशाला येताना ही ओढ जवळजवळ सव्वा मीटर पाण्याच्या उंचीइतकी होऊ शकते. चाकाचा शाफ्ट चिखलात वीतभरच बुडलेला असतो, पण सीलच्या दृष्टीने तो सव्वा मीटर खोल पाण्यात असतो. आणि सीलची कड बाहेरच्या दाबासाठी बनवलेलीच नाही. बाहेरून दाब आला की ती शाफ्टवरून उचलली जाते. पाणी आत जातं आणि पाण्याबरोबर बारीक माती त्या कडेखाली अडकते.

प्रत्येक पावसाळ्यात नवं सील पंधरा दिवस टिकायचं आणि मग हार मानायचं, ते यामुळे. सील बदलणाऱ्यांनी काम वाईट केलं होतं असं नाही. बंद नाकाच्या पेटीला कितीही चांगलं सील घाला, ते टिकणार नाही.

शाफ्ट

फक्त ब्रीदर साफ करून भागलं असतं तर लिहिण्यासारखं फारसं नव्हतं. पण इतकी वर्षं हे चालल्यावर शाफ्ट शाबूत राहिला नव्हता.

उजवं चाक आणि हब काढला तेव्हा हबच्या मागे शाफ्टभोवती एक काळं कडं दिसलं. आधी ते वितळलेलं रबर वाटलं. सुरीच्या टोकाने उकललं तर तंगूस. खाडीत फाटलेल्या जाळ्यांचा नायलॉनचा दोरा भरतीबरोबर खाजणात येतो, चाकाला गुंडाळतो आणि फिरून फिरून आत सरकतो. होडीच्या पंख्याच्या शाफ्टवर हा त्रास मच्छीमारांना चांगला माहीत आहे. इथे त्या दोऱ्याने सीलची बाहेरची, धूळ अडवणारी कड पार कातरली होती. सीलच्या दोन कडांपैकी बाहेरची गेली की मातीला आतल्या कडेपर्यंत मोकळं रान मिळतं.

सील काढलं. त्यावर ३५-५५-११ असे आकडे होते. ऑइल सीलवरचे हे आकडे सगळीकडे एकाच क्रमाने येतात. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी, सगळं मिलिमीटरमध्ये. कंपनीचा पार्ट नंबर हरवला तरी हे आकडे घेऊन कणकवलीच्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात सील मिळतं.

शाफ्ट पुसला. सीलची कड जिथे चालते तिथे गोल खाच पडलेली होती, नख आडवं फिरवलं की अडकेल एवढी. रबर पोलादाला कसं झिजवतं असं अनेकांना वाटतं. पोलाद झिजवते ती माती, रबर तिला फक्त धरून ठेवतं. जांभ्याची माती म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड आणि वाळूचे कण. ते मऊ रबरात रुततात आणि शाफ्टवर कानशीसारखे चालत राहतात. खाचेच्या बाजूला गंजाचे बारीक काळे खड्डे होते, ते खाजणाच्या मिठाचं काम. कड अशा खड्ड्यावरून गेली की प्रत्येक फेरीत तेलाचा एक सूक्ष्म थेंब बाहेर टाकते.

शाफ्टचं टोक धरून वर-खाली हलवलं तर थोडा खेळही जाणवला. बेअरिंग ६२०७ होतं. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतला व्यास मिळतो, ३५ मिलिमीटर. गोळ्यांच्या वाटेवर खड्डे दिसत होते. शाफ्ट असा डुलत असेल तर सीलची कड त्याच्या मागे धावू शकत नाही, म्हणून बेअरिंग बदलायचंच होतं. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. नवं आणलं, बसवलं.

काय काय करता आलं असतं

खाच पडलेल्या शाफ्टवर चार-पाच इलाज चालतात आणि प्रत्येकाचा पुरस्कर्ता कुठल्या ना कुठल्या गॅरेजमध्ये भेटतो.

सगळ्यात स्वस्त म्हणजे नवं सील दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर सरकवून बसवणं, म्हणजे त्याची कड कोऱ्या पोलादावर चालते. खड्डे नसते तर मी हेच केलं असतं. पण इथे खाचेच्या दोन्ही बाजू गंजलेल्या होत्या. कोरी जागा उरलीच नव्हती.

दुसरा, वेल्डिंगने भर घालून लेथवर उतरवणं. कोकणात हा फार चालतो. मला तो या शाफ्टसाठी पसंत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्ट वाकतो, त्याचा कडकपणा जागोजाग बदलतो, आणि शेजारीच बेअरिंगची जागा आहे. ती मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांनी बिघडली तर नवं बेअरिंग घालून काय उपयोग? बदली शाफ्ट मिळत नसताना आहे तो जोखमीत घालू नये.

तिसरा, बाजारात मिळणारी स्टेनलेसची पातळ बाही (स्लीव्ह, म्हणजे शाफ्टवर बसणारी नळी), जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची, शाफ्टवर चढवणं. उत्तम वस्तू आहे, मूळ मापाचंच सील चालतं. पण खड्ड्यांवर ती पातळ बाही आत दबण्याची भीती असते, आणि खरखरीत चिखलात तिला आरपार खाच पडायला वेळ लागत नाही.

चौथा इलाज मापांतून सुचला आणि तोच केला. सील ज्या भोकात बसतं त्याचा व्यास ५५. शाफ्ट ३५. सीलच्या मापांत ३५-५५ असतं तसं ४०-५५ सुद्धा असतं, ४०-५५-८ तर सर्रास मिळतं. मग शाफ्टला लेथवर हात न लावता त्यावर ३५ आतून, ४० बाहेरून अशी बाही घालायची आणि त्याच भोकात ४०चं सील बसवायचं. बाहीला अडीच मिलिमीटरची भिंत मिळते, म्हणजे ती दबत नाही. शाफ्ट जसाच्या तसा राहतो. उद्या बाही झिजली तर ती काढून दुसरी घालता येते. शाफ्टचं चाकाकडचं टोक बारीक आहे, त्यामुळे बाही बाहेरून सहज सरकते. व्यास वाढला तर कड जास्त घासून तापेल का, हा प्रश्न रास्त आहे, पण चाकाचा शाफ्ट मिनिटाला तीस फेऱ्या फिरला तरी ४० मिलिमीटरच्या बाहीवर वेग सेकंदाला सहा-सात सेंटिमीटरच पडतो. साधं नायट्राइल रबर याच्या कितीतरी पट वेग सोसतं. इथे शत्रू घाण आहे, वेग नव्हे.

बाही

ती कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतली. धातू एसएस ४२०, कारण हे स्टेनलेस असूनही कडक करता येतं. नेहमीचं ३०४ गंजाला जास्त चांगलं, पण मऊ. मातीने ते लवकर खाल्लं असतं. बाहीच्या बाहेरच्या टोकाला एक कॉलर ठेवून घेतली, सीलच्या हाउसिंगच्या तोंडावर झाकणासारखी येणारी, मिलिमीटरभर फट ठेवून. तंगूस आणि पेंढा तिथेच अडावा म्हणून. नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) रिंग घालायची सूचना आली होती. नमदा धुळीत चालतो, चिखलात तो माती धरून बसतो, म्हणून नाही घातला.

ग्राइंडिंगवाल्याला एकच आग्रह केला: व्हील सरळ आत न्या, आडवं सरकवू नका. आडवं सरकवलं की पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे आटे पडतात, आणि फिरणाऱ्या शाफ्टवरचे असे आटे तेल एका दिशेला ढकलत नेतात. बाही आरशासारखी चकाकत असली तरी गळते, ती यामुळे. हे तपासायची रीत सुंदर आहे. बाही लेथवर धरून तिला तेलाचं बोट लावायचं, तिच्यावर एक दोरा लोंबता टाकायचा, खाली छोटंसं वजन बांधायचं आणि लेथ संथ फिरवायचा. आटे असतील तर दोरा हळूहळू एका बाजूला सरकायला लागतो. उलट दिशेने फिरवलं की उलट सरकतो. आमच्या बाहीवर दोरा जागचा हलला नाही, दोन्ही दिशांना.

बाही ठोकून बसवायची नव्हती. ठोकली की तिचा गोलपणा जातो. आतला व्यास शाफ्टपेक्षा तीन शतांश मिलिमीटर मोठा ठेवला, म्हणजे ती हाताने सरकेल. खाच आणि खड्डे आधी मेटल पुटीने भरून, सुकल्यावर पॉलिश पेपरने शाफ्टच्या मापाला आणले. शाफ्ट आणि बाही थिनरने पुसून अगदी कोरडी केली आणि बुश-बेअरिंग धरून ठेवणारं अनॅरोबिक द्रव्य लावून बाही फिरवत चढवली. हे द्रव्य हवेत सुकत नाही, धातूच्या फटीत हवा मिळेनाशी झाली की घट्ट होतं. त्यामुळे शाफ्ट आणि बाही यांच्यामधून तेल झिरपायची वाटही बंद झाली. रात्रभर हात लावला नाही.

जुळणीत दोन ठिकाणी सील मरतं. एक, शाफ्टच्या पिनेच्या भोकावरून किंवा चावीच्या खाचेवरून नेताना कड कापली जाते. तिथे गुळगुळीत टेप गुंडाळून घेतली. दुसरं, सील तिरकं जातं. ५४ मिलिमीटरच्या आसपास बाहेरचा व्यास असलेला पाइपचा तुकडा सपाट कापून घेतला आणि त्यावर लाकडी हातोड्याने हलके ठोके देऊन सील सरळ बसवलं. सील टीसी प्रकारचं, म्हणजे बाहेरून रबर, आत स्प्रिंग आणि दोन कडा. बाहेरून रबर असलेलं मुद्दाम घेतलं, कारण आधीच्या वेळी स्क्रू-ड्रायव्हरने सील उचकटताना भोकाला ओरखडे पडले होते आणि नुसत्या पत्र्याचं सील तिथे नीट बसलं नसतं. दोन कडांमध्ये ग्रीस भरलं, कडेला तेलाचं बोट लावलं.

ब्रीदरचा बोल्ट डिझेलमध्ये भिजवून, हवा मारून मोकळा केला. पण तो पुन्हा त्याच जागी, त्याच मांगरात राहणार होता. म्हणून टोपीच्या जागी डिझेलचा पाइप जोडून तो हँडलपर्यंत वर नेला आणि टोक खाली वळवलं. टोकाला पितळेची बारीक जाळी बांधली. चिखलाचे शिंतोडे तिथवर जात नाहीत, आणि कुंभारणीला घर करायला जागा राहिली नाही.

पेटी आतून धुताना डिझेल भरून यंत्र चालवू नये. डिझेलला गिअरचा भार धरता येत नाही आणि कोपऱ्यात राहिलेलं डिझेल नवं तेल पातळ करतं. स्वस्तातलं नव्वद नंबरचं गिअर ऑइल भरून बिनभाराचं थोडा वेळ चालवलं, गरम असतानाच काढलं. ते फिकट दुधट निघालं. पुन्हा भरलं, पुन्हा काढलं, स्वच्छ येईपर्यंत. मगच चांगलं तेल, लेव्हलच्या बोल्टपर्यंत, सपाट जागेवर उभं करून. त्याच्या वर एक थेंब नाही. जास्त तेल भरलं तर चांगलं चालेल असा समज आहे, पण जास्तीचं तेल घुसळून तापतं आणि पुन्हा सीलवरच येतं.

पेल्यातले बुडबुडे

यंत्र चिऱ्यांवर होतं तेव्हाच एक प्रयोग केला. ब्रीदरच्या पाइपचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं आणि टिलर चालू केला. पेटी कोमट झाली तसे बुडबुडे यायला लागले, मग भराभर. पेटी चाळीस अंशांनी जास्त तापेपर्यंत तिच्यातल्या हवेचा जवळजवळ आठवा भाग असा बाहेर पडतो. इंजिन बंद करून पेटीवर विहिरीचं पाणी ओतलं. बुडबुडे थांबले आणि पेल्यातलं पाणी पाइपमधून वर चढायला लागलं, डोळ्यांदेखत, बोटभर, मग वीतभर. तिथेच टोक पेल्यातून काढून घेतलं, नाहीतर पाणी पेटीत गेलं असतं.

आबा बराच वेळ त्या पाइपकडे बघत होते. "म्हणजे पेटी दम घेता म्हणा ना! नि आमी तिचा नाक बांधून ठेवललो."

इतकी वर्षं जे पाणी चाकाच्या सीलमधून आत ओढलं जात होतं, तेच त्या पाइपमध्ये चढताना दिसलं. मला वाटतं, हा प्रयोग प्रत्येक टिलरवाल्याने एकदा करून बघावा. त्यानंतर ब्रीदर साफ करायची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही.

चिखलणी सुरू झाली. पहिल्या आठवड्यानंतर आणि पुन्हा तरवा लावून झाल्यावर ड्रेन बोल्ट सैल करून थोडं तेल बाटलीत घेतलं आणि रात्रभर उभं ठेवलं. तळाला पाणी नाही. तव्यावर थेंब तडतडला नाही. उजवा हब बाहेरून चिखलाने माखलेला, पण पुसला तर कोरडा. वरच्या झाकणाशी उमटणारी ओल, पॅकिंगला हात न लावता, आपोआप थांबली. दाबच उरला नव्हता. लेव्हल या वेळी किंचित, अगदी किंचित उतरली, आणि आबांना त्याची काळजी वाटली. त्यांना सांगितलं की स्टिअरिंग क्लचच्या दांड्याचं ओ-रिंग अजून थोडं पाझरतंय. तेल जिथून जातं आणि त्या जागी पाणी येत नाही, तिथे लेव्हल उतरायलाच हवी.

ते ओ-रिंग आणि डाव्या बाजूचं काम बाकी आहे. डाव्या शाफ्टवरही खाच आहे, पण उथळ, आणि खड्डे कमी. सील सध्या धरून आहे. दुसरी बाही उजवीबरोबरच करून घेतली होती, ती ग्रीस लावून कागदात गुंडाळून आबांच्या कपाटात ठेवली आहे. भात कापून झालं, शेतातलं पाणी उतरलं की चाक काढून ती चढवायची. तोवर आठवड्यातून एकदा दोन्ही हबमागचं तंगूस कापून काढायचं आणि खाजणातून आलेल्या दिवशी शाफ्टवर गोडं पाणी ओतायचं, एवढं आबांनी आपल्या नातवाकडे सोपवलं आहे.